पेव कुणाच्या दारात होतं?

घोडकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, इतिहासाच्या दालनात पहिल्यांदाच पाऊल टाकतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं घर शिरूर तालुक्यात, घोड नदीपासून कोसभर आत. गेल्या वैशाखात मागच्या पडवीला लागून न्हाणीचं काम काढलं. गवंड्याच्या हाताखालच्या पोरानं पहार मारली आणि ती हातातून सुटून सरळ खाली गेली. खाली पोकळ! अर्ध्या तासात निम्मं गाव आमच्या ओट्यावर. कुणी म्हणे भुयार, कुणी म्हणे मोहरांचा हंडा. एक जण तर नारळच घेऊन आला. शिळा सरकवली, बॅटरी मारली, आणि निघालं काय, तर धान्य साठवायचं पेव. तोंडाशी एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोटाशी ऐसपैस, दीड पुरुष खोल. भिंती शेणमातीनं लिंपून आत जाळ करून भाजलेल्या, त्यामुळं काळ्या कुळकुळीत. तळाशी कुजका भुसा आणि एका घुशीची हाडं. नारळवाला नारळ घेऊन घरी गेला.

“क्लासेसचं पेव फुटलंय” असं आपण सर्रास म्हणतो, पण माझ्या दोन्ही मुलींनी खरं पेव कधी पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतं.

माझे सासरे, आबा, ८६ वर्षांचे आहेत. खुर्ची तिथंच मागवून घेतली आणि पेवाच्या तोंडाशी बसून राहिले. म्हणाले, “थोरलं पेव हे. बहात्तरच्या दुष्काळात रिकामं झालं, ते पुन्हा भरलंच नाही.” मी विचारलं, गावात अशी पेवं किती होती? तर तीन. एक पाटलांचं, एक वाण्याचं, एक आमचं. बाकीच्यांचं काय? “बाकीच्यांच्या कणग्या. माघ-फाल्गुनात भरायच्या, ज्येष्ठात हात घातला की तळाची माती लागायची. मग यायचे आपल्याकडं.”

द्यायचे कसं, तर सवाईनं. मणाला सुगीवर सव्वा मण परत. साल वाईट असलं तर दिढी, म्हणजे दीड मण. मापही आमचंच. देताना पायली सपाट, घेताना शीग लावून. हे सांगताना आबा हसले, आणि मग हसायचे थांबले. मी विचारलं, फिटलं नाही तर? त्यांनी काठीनं ओढ्याच्या दिशेनं दाखवलं. “ती दोन एकराची पट्टी आपल्याकडं कशी आली असं वाटतं तुला?”

लग्न होऊन मी या घरात आले त्याला ३१ वर्षं झाली. त्या पट्टीतल्या कांद्यावर माझ्या दोन्ही पोरींची शिक्षणं झाली. ती पट्टी “पूर्वापार आपली” एवढंच मला माहीत होतं.

आता प्रश्न. इनामगाव आमच्यापासून लांब नाही. धाकटीच्या सहावीच्या पुस्तकात तिथं उत्खननात सापडलेल्या प्राचीन वस्तीवर धडा होता: पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार आणि चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला एक माणूस. तेव्हा मी तो धडा तिच्याकडून पाठ करून घेतला आणि विसरून गेले. आता ते कोठार डोळ्यांसमोरून हलत नाही. माणसांत असे थर पडले कधी आणि कसे? धान्य साठवायला लागल्यावर पडले, की आधीपासूनच होते? पाटील झाला म्हणून त्याच्या दारात पेव आलं, की पेव होतं म्हणून तो पाटील झाला? व्याख्या नकोत, त्या मला गुगलवर मिळाल्या. जमिनीत काय सापडलंय ते सांगा.


उत्खननवेडा

ताई, धागा आवडला. नारळवाल्याबद्दल जरा वाईट वाटलं.

मी डेक्कन कॉलेजात एम.ए. केलं आणि मग आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या. मी पोचेपर्यंत इनामगावचं उत्खनन संपलं होतं (१९६८ ते १९८३), पण आमचे मास्तर लोक चहाच्या टपरीवरसुद्धा इनामगावच बोलत. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या तिघांचा जाडजूड अहवाल १९८८ साली आला. एका खेड्याचं एवढं बारकाईनं उत्खनन आपल्याकडं क्वचितच झालंय.

वस्तीचे तीन थर. पहिला इ.स.पू. १६०० ते १४०० च्या सुमाराचा, माळवा संस्कृतीचा. त्यावर जोर्वे संस्कृतीचा सुरुवातीचा काळ, साधारण इ.स.पू. १००० पर्यंत. हा भरभराटीचा. मोठी चौकोनी घरं, कुडाच्या बुटक्या भिंती, वर गवती छप्पर. जव हे मुख्य पीक, शिवाय गहू, मसूर, कुळीथ. तिसरा थर उत्तर जोर्वेचा, इ.स.पू. ७०० पर्यंत.

आता तुमच्या कोठाराकडं येतो. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून कोठार. त्यात धान्य साठवायचे खड्डे आणि कणग्या ठेवायचे गोल ओटे. तुमच्या आबांना तिथं नेऊन उभं केलं असतं, तर त्यांनी कोणत्या ओट्यावर काय होतं ते बोट दाखवून सांगितलं असतं. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचं काम करणारा हे कारागीर राहत होते वस्तीच्या पश्चिम कडेला. मधे कोण आणि कडेला कोण, ही वाटणी तेव्हाच झालेली दिसते. शिवाय नदीच्या पुराला अडवणारा बांध आणि पाण्याचा चर, तोही दोनशे मीटरच्या घरातला. एवढी माती उपसायला शे-दीडशे माणसांना कुणीतरी “चला” म्हटलं असणार आणि त्यांनी ते ऐकलं असणार.

पण मला सगळ्यात बोलकी वाटतात ती दफनं. लहान मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठी माणसं उताणी झोपवलेली, आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असा एक तर्क आहे. आणि मग तो रांजणातला. कच्च्या मातीचा, पोट सुटलेला, चार पायांचा रांजण. आत मांडी घालून बसवलेला प्रौढ माणूस, आणि त्याची पावलं शाबूत. बाकीच्यांना लावलेला नियम त्याला लावलेला नाही. ढवळीकरांनी यावरून, घरावरून आणि कोठारावरून मांडलं की इनामगावला मुखिया होता आणि घराण्यात चालत आलेली सत्ता होती.

माझी शंका इथं सुरू होते. कोठार त्याच्या घराला लागून होतं हे दिसतं. कोठारातलं धान्य त्याचं होतं हे कशावरून? देवळाच्या भांडाराची किल्ली गुरवाकडं असते, म्हणून भांडार गुरवाचं होत नाही. गावानं धान्य त्याच्याकडं जमा करायचं, त्यानं सणाला, अडीअडचणीला वाटायचं, असंही असू शकतं. काही अभ्यासक तसंच म्हणतात. मग तो मानकरी झाला, मालक नाही. पावलं शाबूत ठेवणं हा मान झाला. दुसऱ्याच्या ओढ्याकडची पट्टी आपल्या नावावर येणं ही वेगळी गोष्ट, आणि तिचा पुरावा इनामगावात मला तरी दिसत नाही.

ता. क. नावातल्या “इनाम”वर जाऊ नका, ते फार नंतरचं. दोन जणांनी मला व्हॉट्सॲपवर यावरून सिद्धान्त पाठवलेत.


काथ्याकूट

एवढा खल कशाला? शेती आली, शिल्लक उरली, शिल्लक ज्याच्या हातात तो मालक. एंगेल्सनं १८८४ साली लिहून ठेवलंय. फुटाणे घेऊन बसलोय, चालू द्या.


मास्तर६४

फुटाणे बाजूला ठेवा काथ्याकूट, दोन खड्डे दाखवतो.

पहिला रशियात, मॉस्कोच्या पूर्वेला व्लादिमीर शहराजवळ, सुंगीर नावाच्या जागी. काळ सुमारे ३४,००० वर्षांपूर्वीचा. शेती नाही, गुरं नाहीत, मडकंसुद्धा नाही. मॅमथ आणि रेनडिअर मारून खाणारी माणसं. तिथं दोन पोरं डोक्याला डोकं लावून पुरलेली सापडली, एक दहाएक वर्षांचं, एक बाराच्या आसपासचं. अंगावर मॅमथच्या सुळ्याचे दहा हजारांच्या आसपास मणी, शेजारी सुळे सरळ करून बनवलेले लांब भाले. एकेक मणी कापायचा, घासायचा, भोक पाडायचं. हजारो तासांचं काम. आणि हे कुणासाठी, तर ज्यांनी आयुष्यात काही कमवायची वेळच आली नव्हती अशा पोरांसाठी. त्यातल्या एकाच्या मांडीची हाडं वाकडी होती. त्याच काळातली बाकीची माणसं कुठं गेली, त्यांना मणी का नाहीत? शिल्लक धान्याचा इथं काय संबंध?

दुसरी जागा नेमकी उलटी. तुर्कस्तानात कोन्याच्या मैदानावर चाताल ह्युयुक. इ.स.पू. ७१०० च्या सुमारास वस्ती सुरू झाली आणि हजारभर वर्षं टिकली. पक्के शेतकरी. काही हजार माणसं, घराला घर चिकटलेलं, मधे गल्ली नाही, छपरातून शिडीनं घरात उतरायचं. साठवणीचे मातीचे कोनाडे प्रत्येक घरात आपापले, आणि घरं थोड्याफार फरकानं सारखी. वाडा सापडला नाही, कोठार सापडलं नाही, राजाचं म्हणावं असं थडगं सापडलं नाही. शेती होती, शिल्लक होती, ती एकाच्या हातात नव्हती.

म्हणजे शेतीशिवाय थाट सापडतो आणि शेती असून थाट सापडत नाही. एंगेल्सच्या हाताशी यातलं काहीच नव्हतं, त्याला दोष नको. आपल्या हाताशी आहे, तरी आपण तीच ओळ घोकतो.

एक तिसरी जागा मी वर्गात नेहमी सांगतो, कारण पोरं “सोनं” म्हटलं की जागी होतात. बल्गेरियात काळ्या समुद्राकाठी वार्ना. १९७२ साली चर खणणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला पिवळं काहीतरी दिसलं. कबरी तीनशेच्या आसपास, काळ इ.स.पू. ४५०० च्या आगेमागे, सोनं एकूण सहा किलोच्या घरात. त्यातलं दीड किलो एकट्या ४३ नंबरच्या कबरीत, एका पुरुषाच्या अंगावर. बहुतेकांच्या वाट्याला सोन्याचा कणही नाही. काही कबरींत तर माणूसच नाही, नुसतं सोनं. गंमत पुढं आहे. काही पिढ्यांनी ते सगळं संपलं. एवढं सोनं घेऊन मिरवणाऱ्यांची गादी टिकली नाही. थर पडले की कायमचे पडले, असंही नसतं.


घोडकाठची

मास्तर, चाताल ह्युयुकचं मी दोनदा वाचलं. म्हणजे सगळ्यांच्या कणग्या आणि पेव कुणाचंच नाही! आत्याबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “छपरातून घरात? आणि म्हाताऱ्यांनी काय करायचं?” उत्तर असेल तर द्या, त्या वाट बघतायत.

सुंगीरच्या पोरांनी मात्र मला गोंधळात टाकलं. जीव लावून पुरलेलं पोर आणि मोठ्या घरचं पोर, यातला फरक मातीत कसा ओळखायचा? माझ्या नणंदेचं चार वर्षांचं लेकरू गेलं तेव्हा आम्ही त्याच्याबरोबर काय काय ठेवलं होतं, ते कुणी शंभर पिढ्यांनी उकरलं तर आम्हाला राजे समजतील.

उत्खननवेडा, गुरवाच्या किल्लीचं पटतं, पण अर्धवट. आबांचे आजोबाही म्हणे आधी “गावाचं धान्य” सांभाळायचे. मग ते आमचं कधी झालं, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.


पश्चिमवारा

मी मूळची साताऱ्याची, गेली १४ वर्षं व्हँकूवरला. काथ्याकूटांच्या सिद्धान्ताला इथल्या किनाऱ्यानं कधीच पाणी पाजलंय, म्हणून लिहिते.

कॅनडाच्या या किनाऱ्यावर आणि वर अलास्कापर्यंत हैडा, त्लिंगित, क्वाक्वकेवाक्व अशा लोकांच्या वस्त्या आहेत. गोरे येण्याआधी ते पोटासाठी शेती करत नव्हते. खाणं समुद्राचं आणि नदीचं. आणि तरी त्यांच्यात सरदार घराणी होती, सामान्य लोक होते आणि गुलाम होते. होय, गुलाम. लढाईत किंवा धाडीत पकडून आणलेले, आणि त्यांची पोरंही गुलामच.

हे कसं, ते मला इथं राहून कळलं. सॅमन मासा वर्षातून ठरावीक आठवड्यांत नदीत चढतो, पण इतका, की पाणी दिसत नाही. मासा कुणी पेरत नाही, राखत नाही. अडचण पुढं असते. तो लगेच कापायला, धुरी द्यायला, सुकवायला हवा, नाहीतर दोन दिवसांत घाण. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांना पहिल्यांदा इथं नेलं तेव्हा लगेच म्हणाल्या, “मासे मिळण्याचं काय कौतुक, साफ करायला हात किती आहेत ते सांग.” नेमकं तेच. मासा भरपूर, हात कमी. ज्याच्याकडं राबायला हात जास्त, त्याच्या घरात हिवाळ्याला सुका मासा जास्त. आणि मासे पकडायच्या मोक्याच्या जागा घराण्यांच्या नावानं बांधलेल्या.

पुढचं अजून गमतीचं. साठवलेलं सगळं ते घरात ठेवत नसत. पॉटलॅच नावाचा मोठा समारंभ करून पाहुण्यांना वाटून टाकत. इथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्या जेवणावळीची लाकडी भांडी आहेत, लांडग्याच्या, अस्वलाच्या आकाराची, त्यात माणूस झोपेल एवढी. वाटणारा मोठा, घेणारा मिंधा. पुढच्या वेळी त्याहून जास्त परत दिलं नाही तर मान गेला. कॅनडा सरकारनं १८८५ पासून १९५१ पर्यंत या समारंभावर बंदी घातली होती.

म्हणून ताई, मला तुमचा प्रश्न थोडा फिरवावासा वाटतो. पेवात काय होतं यापेक्षा पेव भरायला आणि उपसायला कोण राबत होतं, ते आबांना विचारा.

आणि हो, मोठं होऊ पाहणाऱ्याला वेळीच खाली बसवणारेही लोक आहेत. कलहारीतल्या जू-होआन्सींमध्ये शिकार करून आलेल्यानं फुशारकी मारायची नाही. उलट बाकीचे त्याच्या शिकारीला नावं ठेवतात: “हे हाडांचं गाठोडं आणायला आम्हाला एवढ्या लांब बोलावलंस?” मटणाचे वाटे करायचा हक्क बाणाच्या मालकाचा, आणि बाण तर एकमेकांत उसने फिरत असतात. हे वाचल्यापासून माझ्या मुलाच्या बक्षिसाचं मी फेसबुकवर टाकत नाही.


जुना तलाठी

मी ३४ वर्षं तलाठी होतो, त्यातली काही तुमच्याच तालुक्यात. इतिहास शिकलो नाही, पण सातबारा वाचता येतो.

मास्तरांनी मणी दाखवले, पश्चिमवारा बाईंनी मासे दाखवले. माझं म्हणणं धान्याबद्दल. मी आयुष्यभर आणेवारी, म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज, काढली. ज्वारी, बाजरी, गहू उभे असतात, दिसतात, एकदम पिकतात आणि खळ्यावर मोजता येतात. बांधावर उभं राहून सांगावं, आठ आणे पीक. सुरणाची आणेवारी कुणी काढून दाखवावी! तो जमिनीखाली आहे, आज काढा नाहीतर चार महिन्यांनी काढा. ज्याला दुसऱ्याचा वाटा घ्यायचाय, त्याला धान्याइतकी सोयीची वस्तू नाही. पहिली राज्यं बहुतेक धान्याच्या मुलखात उभी राहिली, त्याचं एक कारण हे असणार.

आता ताईंची सवाई-दिढी. निवृत्तीनंतर मुलानं टॅब दिला, त्यावर मी बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे वाचले. काळ इ.स.पू. १७५० च्या आसपास, म्हणजे इनामगावची पहिली झोपडी उभी राहण्याच्या शेदीडशे वर्षं आधी. जव उसना दिला तर व्याज तिसरा हिस्सा, चांदी दिली तर पाचवा. म्हणजे आबांच्या सवाईपेक्षा जास्त आणि दिढीपेक्षा कमी. मी खुर्चीत हसलोच. फिटलं नाही तर बायको-पोरं सावकाराच्या घरी कामाला, तीन वर्षं. चौथ्या वर्षी सोडायची. कायद्यात “सोडायची” असं लिहावं लागलं, यातच काय ते आलं.

त्यांच्याकडं कर्जमाफीही होती. हम्मुराबीच्या वंशातल्या अम्मीसदुकानं इ.स.पू. १६४६ च्या सुमाराला काढलेला माफीचा हुकूम सापडलाय. त्याच्याही सातएकशे वर्षं आधी तिकडच्याच लगाश शहराच्या राजानं तसं केलं होतं. दर काही वर्षांनी वह्या पुसाव्या लागायच्या, नाहीतर पट्ट्याच्या पट्ट्या थोड्या घरांत जमा व्हायच्या आणि राजाला सारा द्यायला आणि लढायला माणसंच उरायची नाहीत.

आणि हे लांबचं कशाला? डिसेंबर १८७४ मध्ये तुमच्याच शिरूर तालुक्यातल्या करड्यात लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि पुणे-नगरकडच्या कितीतरी गावांत पसरला. लोकांनी सावकारांची घरं धुंडाळून काय काढलं, तर गहाणखतं आणि रोखे. ते जाळले. जिथं रोखे निमूट हातात दिले, तिथं सहसा माणसाला हात लावला नाही. त्यांना बरोबर ठाऊक होतं, थर कुठं ठेवलेत ते.

म्हणून माझं मत: मान हा मण्यात, सोन्यात, रांजणात दिसतो. मालकी उसनवारीत असते, आणि लिहिणं सुरू होण्याआधीची उसनवारी मातीत सापडत नाही. उत्खननवेड्यांना ती इनामगावात दिसत नाही याचा अर्थ ती नव्हती असा नाही.


उत्खननवेडा

तलाठीसाहेब, मान्य. फक्त एक भर. उत्तर जोर्वे काळात पाऊसमान घटलं असं ढवळीकरांचं म्हणणं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी, शिकार आणि गुरं जास्त, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं. कोठार भरलेलं असताना मुखियाला मान देणं सोपं. ते रिकामं झाल्यावर त्या पाच खोल्यांतल्या घराण्याचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला सोडून माणसं गुरं घेऊन चालती झाली असतील. पाय तोडलेले असले तरी.

आत्याबाईंना सांगा, चाताल ह्युयुकच्या म्हाताऱ्यांचं काय व्हायचं ते मलाही माहीत करून घ्यायचंय, माझे गुडघे गेलेत.


घोडकाठची

सगळ्यांचे आभार. करड्याचं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. शिरूर तालुक्यात जन्म काढलेल्या आबांनासुद्धा नाही. किंवा असेल.

पश्चिमवारा, तुमचा प्रश्न मी आबांना विचारला. दुपारी चहा घेताना, सहज विचारल्यासारखं. पेवात उतरायचं कोण?

ते म्हणाले, पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आत वाफ धरलेली असते, माणूस गुदमरून मरतो. तोंड उघडून दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. विझला नाही तर माणूस सोडायचा. “कधीकधी कंदील जळतो आणि माणूस विझतो,” असं आबा अगदी साध्या आवाजात म्हणाले.

तो माणूस कोण? आबांनी नाव सांगितलं नाही, वस्ती सांगितली. वेशीबाहेरची. कमरेला दोर बांधून उतरायचा, पाट्या भरून द्यायचा, वर आमचे लोक ओढून घ्यायचे. मजुरी काय? तर तळाचं आणि कडेचं धान्य. ते ओल लागून कुबट झालेलं असायचं, आपल्या खाण्याजोगं नसायचं. त्यातलंच त्याला दोन पायल्या. मी विचारलं, शीग लावून? आबा माझ्याकडं बघत राहिले.

मी म्हटलं, नाव आठवतंय का त्याचं? बराच वेळ त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, “नाही गं. काळा होता, बुटका होता, हसरा होता. आमच्या बापाच्या वेळेपासनं तोच उतरायचा.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, त्या साली पेवातलं धान्य ज्या गाडीनं शिरूरला नेलं, तिची बैलजोडी खिलारी होती. एकाचं नाव सर्जा, दुसऱ्याचं हरण्या. हरण्या डाव्या अंगाला चालायचा आणि ओढा आला की थांबायचा.

न्हाणी आता गोठ्याच्या बाजूला बांधतोय. पेव बुजवलेलं नाही, वर पत्रा टाकून ठेवलाय.